दोन गाई गाभडल्या आणि आईला ताप: ‘वन हेल्थ’ गोठ्यातून बघताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातला एक तरुण, घरी नऊ एचएफ जातीच्या दुधाळ गाई. गेल्या चार महिन्यांत दोन गाई सातव्या महिन्यात गाभडल्या, म्हणजे त्यांचा गर्भ पडला. धारा आई काढते आणि तिला सहा आठवड्यांपासून ताप येतोय-जातोय, कंबर धरलीय. मध्यंतरी गावात एका कार्यक्रमात ‘वन हेल्थ’वर भाषण झालं. माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य एकच, देशाची अन्नसुरक्षा त्यावर उभी आहे, वगैरे. त्याचं म्हणणं, “भाषण पटलं साहेब, पण माझ्या गोठ्यात त्याचा अर्थ काय?”

भाषणाचं नंतर बघू. आधी आईचं.

उद्याच्या उद्या त्यांना तालुक्याच्या चांगल्या फिजिशियनकडे न्या. डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिलं वाक्य हे सांगा: “घरात गाई आहेत, दोन गाभडल्यात, धारा आई काढते.” गर्भाबरोबर पडणारा जार (वार) कुणी उचलला तेही सांगा. ब्रुसेलोसिसची, म्हणजे गाभडलेल्या जनावराकडून माणसाला होणाऱ्या जंतूंच्या आजाराची, रक्ततपासणी करायची का, असं स्पष्ट विचारा. हे वाक्य तुम्ही बोलला नाहीत तर टायफॉइडच्या गोळ्या मिळतील, ताप चार दिवस उतरेल आणि पुन्हा चढेल.

इतक्या आग्रहानं सांगतो, कारण मी स्वतः यातून गेलोय. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. एका वस्तीवर गाभडलेल्या गाईचा जार अडकला होता. लांब हातमोजे संपलेले, गाय तापलेली, मालक हात जोडून उभा. शर्ट काढला, खांद्यापर्यंत हात घातला आणि तासभर झगडून जार काढला. मनगटावर कडब्यानं ओरखडा आला होता, त्याकडे बघितलंही नाही. दीड-दोन महिन्यांनी संध्याकाळचा ताप सुरू झाला. पहाटे इतका घाम यायचा की बनियन पिळावं लागे. तीन डॉक्टर झाले, दोनदा टायफॉइडचा कोर्स झाला. ‘तुम्ही काम काय करता?’ असं एकानंही विचारलं नाही. आणि मी पशुवैद्य असून मलाही ते सांगायचं सुचलं नाही, ही त्यातली खरी गंमत. शेवटी कॉलेजच्या एका मित्रानं फोनवर विचारलं, “अरे, मधे कुठं गाभडलेल्या गाईत हात घातला होतास का?” मग तपासणी, मग सहा आठवडे दोन औषधं. पावसाळा लागला की कमरेचा डावा सांधा अजून आठवण करून देतो.

तेव्हा आईंना हा आजार निघालाच तर औषधं पूर्ण सहा आठवडे. तीन आठवड्यांत बरं वाटतं आणि माणूस गोळ्या सोडतो. आजार उलटतो तो तिथंच. यातलं एक औषध बहुधा टीबीवरचंही असतं. त्यामुळे चिठ्ठी बघून शेजारीपाजारी ‘टीबी झाला’ म्हणतील, त्याकडे लक्ष देऊ नका. हा आजार माणसाकडून माणसाला सहसा जात नाही, त्यामुळे आईंची ताटवाटी वेगळी करायची गरज नाही.

आता गाई. गाभडण्याला कारणं बरीच असतात: उन्हाचा ताण, मार, बुरशीचा चारा, इतरही जंतू. पण शेवटच्या तीन-चार महिन्यांत एकामागून एक गाई गाभडायला लागल्या आणि जार अडकायला लागला की माझ्या डोक्यात पहिलं नाव ब्रुसेलाचं येतं. जुन्या पुस्तकांत याला सांसर्गिक गर्भपात म्हटलंय. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, सगळ्या नऊ गाईंचं रक्त घ्यायला लावा. नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जातील, गरज पडली तर पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे. दुधावरची एक जुनी, स्वस्त चाचणीही आहे. परीक्षानळीत कॅनमधलं दूध घ्यायचं, त्यात निळा रंग दिलेला अँटिजेन (मारलेल्या ब्रुसेला जंतूंचं द्रावण) थेंबभर टाकायचा, हलवायचं आणि तासभर कोमट ठेवायचं. दूध निरोगी असेल तर सगळी नळी फिकट निळी राहते. कळपात रोग असेल तर खालचं दूध पांढरं पडतं आणि वर आलेल्या सायीत निळं कडं उठून दिसतं. मी हे गावातल्या बायकांना संकलन केंद्राच्या ओट्यावर करून दाखवायचो. भाषणानं जे होत नाही ते त्या कड्यानं व्हायचं. ही चाचणी ठोकळ आहे, मिश्र दुधावर कळपाचा अंदाज देते. कुठली गाय, ते रक्तच सांगतं.

रिपोर्ट येईपर्यंत तीन गोष्टी पाळा. पुढची गाय व्यायला आली की तिला वेगळी बांधा. जार, गर्भ, रक्त लागलेला पाचट-भुसा सगळं चुना टाकून तीन-चार फूट खोल पुरा, उकिरड्यावर नको. सावलीतल्या ओल्या शेणात हा जंतू महिनोन् महिने तग धरतो, उन्हात मात्र लवकर मरतो. म्हणून गोठ्याची ती बाजू धुवून उन्हाला उघडी टाका. आणि दूध उकळूनच प्या. आपल्याकडे दूध तापवतातच, तेव्हा घरात फारशी अडचण नाही. अडचण धारोष्ण दुधाची. कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावर म्हशीखालचा फेसाळ पेला तोंडाला लावण्यात काय मजा असते ते मला ठाऊक आहे, उगाच नाक मुरडणार नाही. पण ब्रुसेला तपासलेलं जनावर असेल तरच.

घरात कुणी गरोदर असेल तर तिनं या कामाच्या आसपासही फिरकू नये.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न हाच असतो: गाय बरी होईल का? नाही. गाईला यावर भरवशाचा उपचार नाही. फसवणूक अशी की गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला नीट वासरू देते, मालक म्हणतो ‘निघून गेलं’. गेलेलं नसतं. प्रत्येक विण्याच्या वेळी आणि दुधातून ती जंतू सोडत राहते, जन्मभर.

आता हिशोब मांडा, कारण तुमच्या भाषणातली अन्नसुरक्षा इथं उतरते. बारा लिटरची गाय तीनशे दिवस दुधात धरली तर वेताला ३,६०० लिटर. लिटरला तीस रुपये धरले तर एक लाख आठ हजार. सातव्या महिन्यात गाभडलेली गाय त्याच्या निम्मं देईल अशी आशा करा, वर वासरू गेलं, जार अडकला तर पुन्हा गाभण राहायला सहा महिने जास्त. चारा मात्र रोज लागतो. तिकडे आई आजारी, म्हणजे पहाटेच्या धारांना माणूस नाही. दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार आटतो आणि किराण्याची उधारी वाढते. अन्नसुरक्षा म्हटलं की लोकांना गोदामातलं धान्य दिसतं, मला हा दहा दिवसांचा पगार दिसतो. देशाच्या दुधाचा मोठा हिस्सा असल्या लहान गोठ्यांतूनच येतो.

आता नाजूक गोष्ट. ती गाय विकू नका.

मला माहीत आहे, घरात तो विषय झाला असणार. चार जण म्हणाले असतील, ‘काष्टीच्या बाजारात उभी कर, गाभण म्हणून जाईल.’ बाजारात कुणी रिपोर्ट मागत नाही. घेणारा तुमच्याहून अडलेला असतो, म्हणूनच तो स्वस्तातली गाय बघतो. त्याच्या गोठ्यात दोन वर्षांनी हीच गोष्ट सुरू होते. आणि तुमच्याकडे आलेली गाय तरी कुठून आली होती? गेल्या दोन वर्षांत बाहेरून आणलेली असेल तर आधी तिचंच रक्त बघा.

पण मी तुम्हाला नुसतं ‘विकू नका’ म्हणून मोकळा झालो तर तेही त्या भाषणासारखंच होईल. जनावरांच्या सांसर्गिक रोगांचा २००९ चा केंद्रीय कायदा आहे. यादीतल्या रोगाचा संशय आला तर मालकानं कळवायचं, असं त्यात लिहिलंय आणि ब्रुसेलोसिस त्या यादीत आहे. ज्या देशांनी हा रोग आटोक्यात आणला त्यांनी तपासा, बाधित जनावर मारा आणि मालकाला भरपाई द्या, हा रस्ता धरला. आपल्याकडे गोवंशहत्या बंदी आहे, तेव्हा तो रस्ता बंद. त्या वादात मी पडत नाही. पण मग बाधित गाय जन्मभर सांभाळायची कुणाच्या खर्चानं, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं होतं, ते कुणी दिलेलं नाही. खरं सांगणाऱ्यानं एकट्यानं नुकसान सोसायचं आणि लपवणाऱ्याची गाय बाजारात खपून जायची, अशी ही व्यवस्था आहे. तीस वर्षं गोठ्यांतून फिरून माझं मत झालंय ते असं की माणूस-जनावर-परिसर ही साखळी अज्ञानामुळे फारशी तुटत नाही. शेतकऱ्याला बहुतेक वेळा कळलेलं असतं. सांगितलं तर परवडणार नसतं.

याच्या उलट घडलेलं मी बघितलंय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगावकडून लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा रोग, सुरू झाला. राज्यानं मृत दुधाळ गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० अशी मदत जाहीर केली. पंचनाम्याशिवाय मदत नाही, त्यामुळे लोक स्वतःहून फोन करू लागले, मेलेलं जनावर गुपचूप ओढ्यात लोटण्याऐवजी ‘डॉक्टर, या’ म्हणू लागले. कुठं किती जनावरं गेली याचं चित्र मिळायला लागलं, लस कुठं आधी न्यायची ते ठरवता आलं. लोक एकाएकी शहाणे झाले नव्हते. सांगणं परवडू लागलं होतं, इतकंच.

लम्पी माणसाला होत नाही, दुधातूनही नाही. तेव्हा उठलेल्या अफवांनी दूधवाल्यांचे रतीब विनाकारण तुटले. पण परिसराचा संबंध त्याच्यात ढळढळीत होता. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड हे त्याचे वाहक. गोठ्याला लागून उकिरडा, मूत तुंबलेली गटार, त्यात पावसाळा: अशा वस्तीवर लस दिल्यावरही मी धास्तावलेला असायचो. उकिरडा गोठ्यापासून लांब आणि झाकलेला, एवढ्या एका गोष्टीनं जे साधतं त्याला औषधाची बाटली पर्याय नाही.

उकिरड्यावरून गिधाडं आठवली. मी लहान असताना गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात आभाळ भरून यायचं आणि संध्याकाळपर्यंत सांगाडा उरायचा. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली. कारण २००४ मध्ये सापडलं: डायक्लोफेनॅक, म्हणजे सुजेवर-तापावर आम्हीच बेधडक टोचत होतो ते स्वस्त इंजेक्शन. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होत. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात देशात हजारात एखाद-दुसरं उरण्यापर्यंत घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, मेलॉक्सिकॅमसारखा पर्याय होताच. मीही ते इंजेक्शन शेकड्यानं वापरलंय. कुणाला माहीत नव्हतं, पण वापरलंय. गिधाडं गेली आणि त्यांची जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली. तुमच्या गाईचा जार उकिरड्यावर पडला असता तर तो ओढत शेजाऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेणारं हेच कुत्रं. नशीब असेल तर नुसता जार, नसेल तर रेबीजही.

दुसरी साखळी चाऱ्याची. ती तुमच्याकडेही असणार म्हणून सांगतो. भिजलेला मका, बुरशी धरलेली शेंगदाणा किंवा सरकी पेंड, मुरघासाचा वरचा काळा थर. माणसानं खाऊ नये ते जनावराला घाला, हा आपला जुना हिशोब. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष गाईच्या पोटात गेलं की दिवसभरात रूप बदलून दुधात उतरतं. उकळून जात नाही. दुधातली त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा वीस लाखावा भाग. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला घातक भेसळ निघाली १२ नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन मर्यादेबाहेर होतं ३६८ नमुन्यांत, प्रतिजैविकांचा अंश ७७ मध्ये. आणि आपण चर्चा कशाची करतो? युरियाची. भेसळवाला दुसरा असतो, पेंड आपण घातलेली असते.

चांगली बातमी अशी की तो चारा बंद केला की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. मका चांगला वाळवून, जमिनीवर नाही तर फळ्यांवर थप्पी लावा, भिंतीला टेकवू नका. खराब थर फेकताना जीव खालीवर होतो, कारण संकलन केंद्रावर फॅटला पैसे मिळतात, एसएनएफला (दुधातल्या फॅटशिवायच्या घन भागाला) मिळतात. दुधात विष नसण्याला वेगळा दर नाही. पुन्हा तीच गोम.

प्रतिजैविकांचं थोडक्यात. दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की सडात औषधाची ट्यूब सोडतात. त्यानंतर औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस त्या गाईचं दूध बाजूला काढायचं असतं. कुणी काढत नाही. एका वस्तीवर आजीनं मला सुनेची तक्रार सांगितली होती, “दोन दिस झाले, हिचं विरजण लागंना.” सून बिचारी निर्दोष होती, ट्यूब मी सोडली होती. जे औषध दह्याचे जंतू मारतं ते पोरांच्याही पोटात जातं आणि पुढे औषधाला न जुमानणारे जंतू तयार करतं. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेलं औषध कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास पडत होतं. २०१९ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, फार आधी व्हायला हवं होतं.

मग करायचं काय, तुमच्या गावापुरतं? मला विचाराल तर सुरुवात दूध संस्थेपासून करा. दोन हजार लिटर संकलनाच्या केंद्रानं लिटरमागे दहा पैसे बाजूला काढले तर रोजचे दोनशे, वर्षाचे ७३,००० होतात. त्यात महिन्याला सगळ्या कॅनची ती निळ्या कड्याची चाचणी होते, लांब हातमोजे आणि चुना येतो, ट्यूब सोडलेल्या गाईचं चार दिवसांचं फेकलेलं दूध भरून देता येतं. बाधित गाय सांभाळणाऱ्याला चाऱ्याचा थोडा आधारही. एका गावात आम्ही हे तीन वर्षं चालवलं. दुसऱ्या वर्षी लोक स्वतःहून ‘माझं दूध आज घेऊ नका’ असं सांगायला लागले. पुढे चेअरमन बदलले, नव्यांना तो पैसा दर वाढवायला हवा होता, आणि बंद पडलं. कल्पना फसली नव्हती, म्हणून पुन्हा सुचवतोय.

त्याच्या जोडीला कालवडींना लस. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहे: चार ते आठ महिन्यांच्या मादी वासराला, आयुष्यात एकदाच. नर वासराला नाही, गाभण गाईला नाही. लस जिवंत जंतूंची असते, टोचणाऱ्यानं हातमोजे-चष्मा घातलाच पाहिजे. सुई स्वतःला लागली तर आजार होऊ शकतो. कानातला बिल्ला मारून घ्यायला कां-कूं करू नका, पुढे कुठलीही मदत मागायची तर तोच नंबर लागतो. रोग गावात असेल तर एका गोठ्यात लस देऊन भागत नाही. सगळ्या वस्तीच्या कालवडी एकाच दिवशी गोळा करा, डॉक्टर येतात.

आणि आरोग्यकेंद्राच्या डॉक्टरांना एकदा पशुवैद्यांबरोबर चहाला बसवा. थट्टा करत नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ मध्ये माकडताप आला, तेव्हा मेलेलं माकड वनखात्याचं, गुरांच्या अंगावरची गोचीड आमची आणि तापाचा रुग्ण आरोग्य खात्याचा, अशी वाटणी होती. ऐन काजूच्या हंगामात माणसं आजारी पडत होती. माकड मेल्याची खबर तापाच्या डॉक्टरपर्यंत वेळेत पोचली तर बागेत कुणी जायचं नाही, हे आधी कळतं. नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ ला झाली आहे, तसल्या संस्था हव्यातच. पण तुमच्या तालुक्यात हे काम दोन दवाखान्यांमधल्या एका फोननं सुरू होतं, आणि तो फोन बहुतेक वेळा तुमच्यासारख्या कुणाला तरी लावायला लावावा लागतो.

आईंचा रिपोर्ट आला की लिहा. सोबत एवढं कळवा: गाभडलेल्या दोन्ही गाई कितव्या वेताच्या, त्यातली कुठली बाहेरून आणलेली, जार सहज पडला की अडकला, आणि बाकीच्या सातांपैकी येत्या दोन महिन्यांत व्यायला कुठल्या आल्यात. त्या व्यायच्या आधी रक्ताचे रिपोर्ट हातात हवेत.